मासेच तर होते

घरचे कुत्रे वारले तर शेजारीपाजारी दाराशी येऊन दोन शब्द बोलतात, पिंजऱ्यातला पोपट गेला तर निदान मुलांची समजूत काढतात. परंतु एखाद्या घरच्या काचेच्या टाकीत वर्षानुवर्षे जोपासलेला जवळजवळ सगळा मत्स्यपरिवार दोनचार दिवसांत लयाला गेला, तो कशाने गेला हे पुराव्यानिशी दाखवून देता आले, आणि ज्यांच्या हलगर्जीने तो गेला ती माणसे रोज जिन्यात भेटणारी, दिवाळीला फराळाचे ताट पाठविणारी असली, तरीही त्यांपैकी एकालाही त्याची खंत वाटू नये, ह्या गोष्टीचे जे आश्चर्य मला तेव्हा वाटले ते आजतागायत ओसरलेले नाही. "काकू, मासेच तर होते. दुसरे आणा," असे आमच्या गृहनिर्माण संस्थेचे चिटणीस मला म्हणाले. ते दुष्ट गृहस्थ नव्हेत. माझ्या यजमानांच्या अखेरच्या दुखण्यात भर पावसात अपरात्री रिक्षा शोधून आणणारे हेच गृहस्थ होते, आणि म्हणूनच त्यांच्या तोंडचे ते वाक्य इतके लागले.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगते. माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत नोकरीला होते, आणि मासा हा प्राणी मी प्रथम पाहिला तो वसाहतीजवळच्या विहिरीत, डासांच्या अळ्या खाण्यासाठी हिवताप खात्याच्या माणसाने डबा उपडा करून सोडलेला गप्पी मासा. पुढे एका सुटीत वडिलांनी आम्हा भावंडांना चर्नी रोडला उतरवून तारापोरवाला मत्स्यालय दाखविले. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेल्या त्या वास्तूतल्या अंधाऱ्या दालनात, उजळलेल्या काचांपुढे नाक लावून मी इतका वेळ उभी राहिले की आईला मला हाताला धरून ओढून न्यावे लागले. त्यानंतर शिक्षण, कल्याणच्या महसूल कचेरीतली कारकुनी, लग्न, बदलापुरात कात्रपच्या बाजूला घेतलेले घर, मुले, त्यांची शिक्षणे. निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना दिवाणखान्यातल्या एका भिंतीला पुरेशी मोकळी जागा आणि माझ्या संध्याकाळींना पुरेशी फुरसत एकदम लाभली, तेव्हा मी टाकी घ्यायचे ठरविले.

टाकी घेतली उल्हासनगरात. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या ज्या छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली, आणि जिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगर हे नाव मिळाले, तिच्यातल्या एका जुन्या बराकीच्या दर्शनी खोलीत माशांचे एक दुकान होते. कापडासाठी जपानी बाजारात जाणाऱ्या आम्हा बदलापूरकर बायकांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मला ते कचेरीतल्या एका शिपायाने सांगितले. दुकानाचे मालक वयोवृद्ध सिंधी गृहस्थ होते, त्यांना सारे दादा म्हणत. गल्ल्याच्या वर झूलेलालांची तसबीर, पल्ला माशावर आसनस्थ झालेली, आणि तिला रोजचा ताजा हार. ज्यांचे इष्टदैवत माशावर बसून नदीतून वर येते, जे चालिहाचे चाळीस दिवस व्रतस्थ राहतात आणि पाण्याला तांदूळ-साखर वाहतात, त्या समाजातल्या माणसाने मासे विकण्याचा धंदा करावा यात काही विसंगती आहे काय, असे मी त्यांना एकदा धीर करून विचारले होते, ते म्हणाले, "विकतो म्हणून तर मरू देत नाही."

त्यांनी मला पहिल्या दिवशी मासे दिलेच नाहीत. तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच अशी काच त्यांनी हातगाडीवर बांधून दिली, तिच्यात सव्वाशे लिटर पाणी मावते म्हणजे नुसत्या पाण्याचे ओझे सव्वाशे किलो, तेव्हा खालची तिवई लोखंडाचीच हवी, हे सांगितले, हवेचा पंप आणि स्पंजाचा फिल्टर दिला, आणि मी पिशव्या भरून मासे न्यायला सज्ज झालेली पाहून म्हणाले, "बाई, आज फक्त टाकी. मच्छी महिन्याने." गिऱ्हाईक पैसे पुढे करीत असता माल द्यायला नकार देणारा व्यापारी मी आयुष्यात प्रथमच पाहत होते. मग आपल्या चालत्या टाकीतला एक जुना, काळपट, बुळबुळीत स्पंजाचा तुकडा त्यांनी कात्रीने कापला, पाण्यासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, रबर आवळले आणि माझ्या हातात दिला. "हा धुवायचा नाही. नव्या फिल्टरला बांधून टाका." त्या तुकड्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

त्या घाणेरड्या तुकड्याचे मोल मला यथावकाश कळले, आणि पुढे जे घडले त्याचा उलगडा त्यावाचून होणार नाही, म्हणून ते येथे नमूद करते. मासा आपल्या कल्ल्यांवाटे आणि मलावाटे अमोनिया पाण्यात टाकीत असतो. उरलेले अन्न कुजून त्यात भर पडते. नदीत तो वाहून जातो, काचेच्या चार भिंतींत तो साचतो. परंतु फिल्टरच्या स्पंजावर, वाळूवर, काचेवर सूक्ष्म जंतूंची एक वसाहत हळूहळू वाढते. तिच्यातले काही जंतू, ज्यांत नायट्रोसोमोनास प्रमुख, अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे जंतू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही माशांना घातक. नायट्रेट मात्र पुष्कळ साचेपर्यंत सोसवते, आणि आठवड्याला चौथाई पाणी बदलले की आटोक्यात राहते. ही वसाहत बसायला नव्या टाकीत चार ते सहा आठवडे लागतात. दुकानातून टाकी आणि मासे एकाच दिवशी आणणाऱ्या घरांतून दहापंधरा दिवसांत जे मासे एकेक करून उताणे पडतात आणि ज्यांच्याबद्दल "आमच्या घराला मासे लाभत नाहीत" असे समाधान करून घेतले जाते, ते ह्या अदृश्य वसाहतीच्या अभावी पडतात. लाभण्या-न-लाभण्याचा त्यात काही संबंध नाही. फ्लॉवरहॉर्न ठेवला की वास्तुदोष जातो असे सांगून बारा इंची टाकीत तो एकटा मासा डांबून देणाऱ्यांबद्दल, किंवा काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश घालून ते वाढदिवसाला भेट देणाऱ्यांबद्दल माझे मत तीव्र आहे. गोल्डफिश नीट वाढला तर वीतभराहून मोठा होणारा आणि दहा वर्षांहून अधिक जगणारा मासा आहे.

आणखी एक गोष्ट. अमोनिया किती घातक ठरेल हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, फार अवलंबून असते. पाणी २५ अंशांच्या आसपास असून सामू ७ असेल तर एकंदर अमोनियापैकी शेकडा अर्धाच काय तो विषारी रूपात असतो. सामू ८ वर गेला की तोच शेकडा ५ च्या आसपास, आणि ९ वर गेला की शेकडा ३५ च्या पलीकडे जातो. टाकीत अमोनिया तेवढाच, मासे तेवढेच, फक्त पाणी अल्कधर्मी झाले, की तीच टाकी जीवघेणी.

महिन्याने दादांकडे गेले. कोणता मासा कोणाशेजारी राहील याची त्यांची जी जाण होती ती मला कोठल्याच पुस्तकात तितक्या निश्चयाने सांगितलेली आढळली नाही. टायगर बार्ब हा दिसायला सुरेख, परंतु लांब पंखांच्या माशांचे पंख कुरतडणारा. एंजल लहानपणी सोज्वळ आणि मोठा झाला की शेजारचे निऑन टेट्रा रात्रीतून गिळणारा. सकर, जो "काच साफ करतो" म्हणून प्रत्येक दुकानदार गळ्यात मारतो, तो बोटभराचा आणला तरी दीड फुटापर्यंत वाढणारा, आणि मग घरात मावत नाही म्हणून माणसे त्याला तळ्यात नेऊन सोडतात व तेथे तो स्थानिक माशांच्या मुळावर उठतो. थव्याने राहणारा मासा एकटादुकटा आणणे ही क्रूरता. तो निदान सहा तरी हवा. जागाही वरची, मधली आणि तळाची अशी वाटलेली हवी, म्हणजे भांडणे होत नाहीत. आमच्या नळाला नदीचे पाणी येते आणि ते मृदू असते, म्हणून मधल्या थराला त्यांनी टेट्रांचा थवा दिला. वर पळापळ करायला झेब्रा डॅनिओ, जो मूळचा आपल्याच देशातल्या गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. तळाला कोरिडोरस, मिशावाले, सतत वाळू हुंगत फिरणारे. आणि सगळ्यांत शेवटी, बरेच महिने गेल्यावर, पर्ल गोरामीची एक जोडी. बोअरिंगच्या पाण्यावर असता, म्हणाले, तर मॉली आणि प्लॅटी दिले असते. बेसाल्टातून झिरपलेले जड पाणी त्यांना मानवते.

त्या टाकीपुढे मी काय पाहत बसे हे सांगू लागले तर हा लेख संपायचा नाही. कोरिडोरस अधूनमधून एकदम बाणासारखा वर झेपावतो, पृष्ठभागावर हवेचा एक घोट घेतो आणि तितक्याच वेगाने तळाशी परततो. गोरामी आपल्या पोटाखालच्या दोन लांब तंतूंनी नव्या वस्तूला आधी चाचपून पाहतो आणि मगच जवळ जातो. नर विणीच्या वेळी पृष्ठभागावर बुडबुड्यांचे घरटे बांधतो आणि अंडी खाली ओघळली तर तोंडात धरून पुन्हा वर ठेवतो. माझे यजमान गेले त्या वर्षी मी ह्या एका बांधकामाकडे किती संध्याकाळी पाहिले असेल ते माझे मला ठाऊक.

आता पाण्याविषयी. उल्हास नदी राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, नेरळ, वांगणीवरून बदलापुरास येते. गावात ज्याला सारे बॅरेज म्हणतात त्या बंधाऱ्यावर पाणी उचलून, शुद्ध करून, ते अंबरनाथ-बदलापूरला पुरविले जाते. २०१९ च्या जुलैत बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकून हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, ती हीच नदी. पावसाळ्यात तिचे पाणी चहासारखे गढूळ येते, साहजिकच तुरटी आणि क्लोरिन दोन्ही अधिक घालावे लागतात, आणि नळाला औषधाचा वास येतो. तो आला म्हणजे पाणी निर्धोक आहे असे आम्ही मानतो, आणि ते योग्यच आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम तरी क्लोरिन शिल्लक असावा असे भारतीय मानकच सांगते. परंतु माणसाला निर्धोक तेवढाच क्लोरिन माशाच्या कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो. म्हणून मी पाणी ड्रमात आदल्या संध्याकाळी भरून ठेवी, त्यात दादांनी शिकविलेल्या मापाने हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, खडे टाकी, आणि दुसऱ्या दिवशी ते टाकीत घाली. हा शिरस्ता इतकी वर्षे चालला आणि त्यात कधी दगाफटका झाला नाही.

ज्या वर्षीची ही हकीकत आहे त्या वर्षी श्रावणात आमच्या इमारतीतल्या दोन मुलांना कावीळ झाली. व्यवस्थापक समितीने तातडीने गच्चीवरची टाकी धुऊन घ्यायचे ठरविले, हे उचितच केले. आमच्याकडे अशी वहिवाट आहे की टाकी धुवायची असली म्हणजे आदल्या दिवशी फलकावर सूचना लागते आणि वॉचमन दारोदार सांगून जातो. ह्या खेपेस दोन्ही झाले नाही. फलकावर त्या दिवशी गणपतीच्या वर्गणीची सूचना होती, वाहने कोठे उभी करू नयेत याची होती, जिन्यात चपला ठेवणाऱ्यांस ताकीद होती. पाण्याविषयी अक्षर नव्हते. हजार लिटर पाण्याला साधारण पाच ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग, पावडर पुरते, हे आरोग्य खात्याची माणसे गावोगाव सांगतात. आणलेल्या मजुराने ती अंदाजाने, ओंजळी भरभरून टाकली, टाकीच्या भिंती तिनेच घासल्या, आणि ते पाणी एकदा पूर्ण सोडून देण्याऐवजी त्याच्यावरच नवे पाणी चढविले. हे सारे मला नंतर वॉचमनने सांगितले. तो बिचारा खरे बोलला, आणि त्याबद्दल त्याला पुढे बोलणीही खावी लागली.

मी नेहमीप्रमाणे संध्याकाळी ड्रम भरला, नेहमीच्या मापाने हायपो टाकला, सकाळी चौथाई पाणी काढून नवे घातले. वास होता, तो पावसाळाभर असतोच. पहिल्या तासातच डॅनिओ वेड्यासारखे काचेवर आपटू लागले. टेट्रांचा थवा, जो वर्षानुवर्षे एका अंगाने वळत आला होता, तो फुटला. प्रत्येक मासा वेगळा, तोंड वर करून, कल्ले ताणून पृष्ठभागाशी लटकलेला. त्यांच्या अंगावरचा तांबडा पट्टा पाहता पाहता राखी झाला. मी हायपोची मात्रा वाढविली. एक मिलिग्रॅम क्लोरिन मारायला अदमासे सातपट हायपो लागतो, परंतु किती क्लोरिन आहे हेच जेथे ठाऊक नाही तेथे हिशेब कसला मांडणार. दुपारपर्यंत डॅनिओ संपले, संध्याकाळपर्यंत टेट्रा. शेजारच्या बाईंचे दीर ग्रामपंचायतीत आरोग्याचे काम पाहतात, ते योगायोगाने आलेले होते, त्यांच्याजवळ पाण्यातला क्लोरिन तपासायची ओ. टी. टेस्टची बाटली होती. स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी नळीत घेऊन त्यांनी त्यात औषधाचे थेंब टाकले. बेताचा क्लोरिन असला की ते पाणी फिकट पिवळे होते. माझ्या नळाचे पाणी नारिंगी झाले, आणि पाहत असताच तांबूस होत गेले. "हे पिऊ नका हो," ते म्हणाले, "हे कोणीच पिऊ नका."

उरलेले मासे वाचतील असे मला वाटले होते. तीन दिवसांनी कोरिडोरस गेले, आणि त्याचे कारण मी आधी लिहिलेच आहे: क्लोरिनने फिल्टरवरची जंतूंची वसाहतही जाळून टाकली होती, मेलेल्या जंतूंचा व मेलेल्या माशांचा अमोनिया पाण्यात होता, आणि टीसीएल ही चुन्यापासून केलेली पावडर असल्यामुळे पाण्याचा सामूही वर सरकला होता, म्हणजे होता तोच अमोनिया कित्येक पटींनी विषारी झाला होता. एका ओंजळीत तीन मृत्यू होते. दादांनी इतक्या वर्षांपूर्वी मला कात्रीने कापून दिलेला तो तुकडा, ज्याच्यापासून माझ्या टाकीतले सगळे जीवन वाढले होते, तोही त्यांतलाच एक, आणि मला सर्वांत अधिक हळहळ त्याचीच वाटली, हे येथे मोकळेपणाने सांगते.

गोरामींची जोडी मात्र वाचली. गोरामीला कल्ल्यांखेरीज डोक्यात एक घड्यांचे इंद्रिय असते, चक्रव्यूहासारखे गुंतागुंतीचे, त्याच्या योगाने तो बाहेरची हवा घेऊ शकतो; कल्ले जळाले तरी तो तेवढ्यावर तग धरून राहतो. आपल्याकडचा मरळही असाच हवेवर जगतो, म्हणून बाजारात तो टोपलीत तासन्‌तास जिवंत असतो. हे मला पुस्तकी ज्ञानाने ठाऊक होते. डोळ्यांदेखत पाहिले तेव्हा मी अक्षरशः हात जोडले.

समितीकडे मी रीतसर अर्ज केला. नुकसानभरपाई मागितली नाही. झालेली बाब नोंदवहीत नमूद करावी, सूचना का दिली गेली नाही याचा खुलासा व्हावा, आणि पुढे टाकी धुण्यापूर्वी एक दिवस अगोदर सूचना देण्याचा व किती पावडर टाकली हे लिहून ठेवण्याचा नियम करावा, एवढ्याच माझ्या मागण्या होत्या. अर्ज देऊन पोच मागितली तर पोच कशाला, आपण घरचेच आहोत, असे उत्तर मिळाले. मासिक सभेत विषय यादीच्या तळाशी आला आणि वेळेअभावी तहकूब झाला. पुढच्या सभेत मी ओ. टी. ची नळी आणि डॅनिओ-टेट्रांची यादी घेऊन गेले. अध्यक्ष म्हणाले, मुलांची कावीळ महत्त्वाची की मासे? मी म्हटले, दोन्हीत झगडा लावायचे कारण नाही. ज्या पाण्याने मासे मेले ते पाणी त्या दिवशी त्याच आजारी मुलांनी प्यायले. यावर काही क्षण कोणी बोलले नाही. मग खजिनदार म्हणाले की पावडर जास्त झाली तर जंतू जास्त मरतात, त्यात वाईट काय. मग एक सभासद म्हणाले की भाड्याने राहणाऱ्यांच्या चपलांचा विषय अजून राहिला आहे. आणि मग चिटणीसांनी, सभा संपवण्याच्या घाईत, माझ्याकडे वळून अगदी समजुतीच्या सुरात ते वाक्य उच्चारले. सभेच्या इतिवृत्तात माझ्या अर्जाचा उल्लेख नाही. चपलांच्या विषयावर पाऊण पान आहे. मी हयातभर कचेरीत दप्तर सांभाळले आहे. जे कागदावर नाही ते घडलेच नाही असे पन्नास वर्षांनी ठरते, हे मला कोणी शिकवायला नको.

माझ्या मुलीचे म्हणणे असे की आई, तुझा राग क्लोरिनवर नाही, त्या माणसांवर आहे. तिचे म्हणणे मला आधी पटले नव्हते. वस्तुतः त्या वेळी मला कोणी विचारले असते, तर काविळीच्या भीतीने मीसुद्धा पावडर जास्तच टाका म्हटले असते. माझ्याच घरात कधीकाळी काविळीचे दुखणे येऊन गेले आहे. एवढेच काय, काचेत मासे ठेवणे हीच मुळात न्याय्य गोष्ट आहे काय, असा प्रश्न आताशा मला पडतो. महाडजवळ वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहात देवीचे मासे आहेत. तेथे कोणी गळ टाकीत नाही, जाळे लावीत नाही, आणि गावाच्या श्रद्धेपलीकडे त्यांना दुसरी काच नाही. तसे राखणे श्रेष्ठ, यात शंका नाही. परंतु आमच्याकडे अशी नदी उरली आहे कोठे? अंबरनाथच्या ज्या शिवमंदिरावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, चा शिलालेख आहे, त्याच्या पायथ्याशी वाहणारी वालधुनी ही आता रंगीत, फेसाळ सांडपाण्याचा नाला आहे. २०१४ च्या अखेरीस उल्हासनगरात तिच्या पात्रात कोणी रात्रीतून बेकायदा रसायन सोडले आणि त्या वायूने शेकडो माणसांना रुग्णालयात न्यावे लागले, तेव्हा कोठे तिच्याकडे लोकांचे लक्ष गेले. त्याच्या कितीतरी आधी त्या पाण्यातले मासे संपले होते. ते कधी संपले याची तारीख कोणाजवळ नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे धरायला वांगणीकडच्या ओढ्यांवर अजूनही माणसे कंदील घेऊन जातात, तेवढीच एक जुनी ओळख शिल्लक आहे. नदीकडे ज्यांनी डोळेझाक केली त्यांनी माझ्या तीन फुटी काचेकडे का पाहावे, असा विचार करून मी मनाची समजूत घालू पाहते, आणि ती पटत नाही. कारण नदी कोणा एकाची नव्हती, ही टाकी माझी होती, आणि ती सांभाळण्यात मी कसूर केली नव्हती.

नवशिक्यांना मी आता एवढेच सांगते. इमारतीत राहत असाल तर ओ. टी. ची बाटली घरात ठेवा, ती औषधाच्या दुकानापेक्षा आरोग्य केंद्रात विचारल्यास लवकर मिळते. ड्रमातले पाणी टाकीत घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी तपासा, वास ओळखीचा असला तरी. एकदम चौथाईहून अधिक पाणी बदलू नका. नवा मासा दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून, अंगावर पांढरे ठिपके नाहीत हे पाहून मगच थव्यात सोडा. आणि ज्याच्या टाक्या जुन्या आणि निरोगी आहेत अशा माणसाशी ओळख ठेवा, म्हणजे वसाहत नष्ट झाली तरी तिचा तुकडा कोणाकडून तरी मागून आणता येईल. दादा आता नाहीत. त्यांच्या नातवाने बराकीतले दुकान मोबाइलच्या सुट्या भागांचे केले, परंतु घरी एक टाकी ठेवली आहे, आणि मी गेले तेव्हा त्याने काही न विचारता कात्री घेतली.

सहकारी संस्थेची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या वर्षीच्या सभेत सूचनेचा ठराव मी पुन्हा मांडला, आणि तो मंजूर झाला. कारण तिसऱ्या मजल्यावरच्या एका सूनबाईंनी उठून सांगितले की त्या दिवशी तान्ह्या बाळाला अंघोळ घातली तेव्हा त्याच्या अंगावर चट्टे उठले होते, आणि मग आणखी चौघींना आपापल्या घरचे काही ना काही आठवले. आता टाकी धुण्याआधी फलकावर सूचना लागते, पावडरीचे माप वॉचमनच्या वहीत लिहिले जाते. ठरावाच्या कारणांत लहान मुले, वृद्ध आणि त्वचाविकार यांचा निर्देश आहे. त्यांत पाळीव जलचरांचाही उल्लेख असावा अशी मी दुरुस्ती सुचविली होती. तिला अनुमोदक मिळाला नाही म्हणून ती पडली. येत्या सभेला ती मी पुन्हा देणार आहे, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईंनी ह्या वेळी अनुमोदन द्यायचे कबूल केले आहे.